चंद्रावरचे वण

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी वर्गणी काढून एक लहानशी दुर्बीण विकत घेतली आणि शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी, मिस्सा आटोपल्यावर, ती चर्चच्या प्रांगणात मांडली. धर्मशिक्षण वर्गातील मुलांची रांग लागली. त्यांच्या मागे काही प्रौढ मंडळी उभी राहिली आणि सर्वांत शेवटी, कोणी आग्रह केला म्हणून, तांबडे लुगडे नेसलेल्या एक आजीबाई पुढे आल्या. एक डोळा मिटून दुसरा नळीला लावण्याची युक्ती त्यांना जमेना. जमली तेव्हा त्या बराच वेळ डोळा हलवीनात. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, “फादर, याला देवी आल्या होत्या काय हो?”

मुले खळखळून हसली. आजीबाई हसल्या नाहीत. देवी म्हणजे काय, हे त्या मुलांना ठाऊक असण्याचे कारणच नाही. तो रोग आपल्या देशातून १९७५ साली कायमचा गेला. आजीबाईंच्या चेहऱ्यावर मात्र त्याचे वण आहेत. त्या वणांपायी त्यांचे लग्न जुळले नाही, भावाच्या संसारात आयुष्य गेले आणि आम्ही या धर्मग्रामात आल्यापासून त्यांना शेवटच्या बाकावर, पदर गालावर ओढून बसलेल्याच पाहत आलो आहोत. “खड्डे आहेत ते, आजी,” एवढेच उत्तर आम्ही दिले. ते अपुरे आहे, हे आमचे आम्हांलाच जाणवत होते.

जाणवण्याला कारणही होते. मरियामातेच्या सणांच्या नोव्हेनांत, मे महिन्यातील भक्तीच्या प्रवचनांत, निष्कलंक मातेला निष्कलंक चंद्राची उपमा आम्ही किती वेळा दिली असेल याची गणती नाही. ती उपमा आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी दिली, त्यांच्या आधीच्यांनीही दिली. त्या साऱ्या प्रवचनांना शेवटच्या बाकावर आजीबाई बसलेल्या होत्या.

त्यांनी विचारलेला प्रश्न चारशे वर्षांपूर्वी रोम नगरीत थोरामोठ्यांनी विचारला होता आणि त्याने तेथील विद्वानांची झोप उडविली होती. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखप्रपंच.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी ॲरिस्टॉटलची ओळख होते, तेव्हा त्याचे विश्व आम्हांला एखाद्या सुबक वाड्यासारखे वाटले होते. चंद्राच्या अलीकडचे जग पृथ्वी, आप, वायू आणि तेज या चार तत्त्वांचे. येथे सारे जन्मते, झिजते, कुजते. चंद्रापासून पलीकडचे जग पाचव्या तत्त्वाचे, जेथे काही जन्मत नाही आणि काही मरत नाही. तेथील प्रत्येक गोल नितळ आणि प्रत्येक गती वर्तुळाकार, कारण वर्तुळाला आदी नाही आणि अंत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने या कल्पनेला गणिताची जोड दिली. ग्रह आकाशात कधी पुढे तर कधी मागे जाताना दिसतात, म्हणून त्याने वर्तुळावर दुसरे वर्तुळ बसविले. वर्तुळ मोडायचे मात्र त्याच्या मनात आले नाही. ख्रिस्ती विचारवंतांनी हे विश्वचित्र स्वीकारले ते काही अडाणीपणाने नव्हे. स्वर्ग हे देवाचे सिंहासन, तेव्हा त्याच्या पायरीला ओरखडा कसा असेल, असे भक्तिभावाने वाटणे स्वाभाविक होते. पोलंडच्या फ्रॉमबोर्क येथील कॅथिड्रलचे कॅनन कोपर्निकस यांनी १५४३ साली सूर्याला मध्यभागी बसवून पृथ्वीला फिरावयास लावले आणि तो ग्रंथ पोप तिसरे पॉल यांना अर्पण केला. एवढे धाडस करणाऱ्या त्या माणसानेही वर्तुळे तशीच ठेवली. किंबहुना टॉलेमीने वर्तुळाच्या समगतीशी पुरेसे इमान राखले नाही, हीच त्यांची एक मोठी तक्रार होती.

चंद्रावरचे डाग नुसत्या डोळ्यांनी कोणालाही दिसतात. ते सर्वांना दिसत होते, पण त्यांचे काहीतरी करून समाधान केले जाई. कोणी म्हणे, चंद्र काही ठिकाणी दाट आणि काही ठिकाणी विरळ आहे. कोणी म्हणे, तो आरसा असून त्यात आपलेच समुद्र दिसतात. येथे आपल्या भाषेचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. आपल्या पूर्वजांनी त्या डागात ससा पाहिला, हरीण पाहिले, आणि चंद्राला नावेच त्यावरून दिली: शशांक, मृगांक. ज्याच्या अंगावर खूण आहे तो. ज्ञानदेवांनी पसायदानात सज्जनांना लांछन नसलेल्या चंद्रांची उपमा दिली, तेव्हा खऱ्या चंद्राला लांछन आहे हे त्यांनी आणि त्यांच्या श्रोत्यांनी गृहीतच धरले होते. असा चंद्र आकाशात नाही, म्हणूनच ती उपमा शोभते. आमच्या प्रवचनांतील उपमेला ही जाण नव्हती.

गॅलिलिओने १६०९ सालच्या अखेरीस आपली दुर्बीण चंद्राकडे वळविली. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर त्याला दातेरी रेघ दिसली. अंधाऱ्या भागात सुटे प्रकाशबिंदू दिसले आणि तासा-दोन तासांत ते मोठे होत उजेडाला येऊन मिळाले. डोंगरावर पहाट होते तेव्हा आधी शिखर उजळते आणि पायथा काळोखात असतो. हे तसेच आहे, असे त्याने ओळखले. ते बिंदू उजेडाच्या सीमेपासून किती दूर आहेत, यावरून त्याने डोंगरांची उंचीही मोजली. मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या छोट्याशा लॅटिन पुस्तकात त्याने चंद्राची चित्रे दिली: खड्डे, कडे, दऱ्या.

रोममध्ये येशूसंघाच्या महाविद्यालयात त्या वेळी ख्रिस्तोफर क्लाव्हियस हे गणिताचे वयोवृद्ध आचार्य होते. आज आपल्या भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेले असते, त्याच्या १५८२ सालच्या सुधारणेत त्यांच्या गणिताचा मोठा वाटा आहे. गॅलिलिओच्या दाव्यांविषयी त्यांना सुरुवातीस शंका होती. मग संघातील बंधूंनी चांगली दुर्बीण मिळविली आणि रात्रीमागून रात्री पाहून खात्री करून घेतली. एप्रिल १६११ मध्ये कार्डिनल बेल्लार्मिन यांनी, जे १९३० साली संत म्हणून घोषित झाले, महाविद्यालयाच्या गणितज्ञांना लेखी प्रश्न विचारले: हे सारे खरे आहे काय? पाचच दिवसांत उत्तर आले. गुरूचे उपग्रह आहेत. शुक्राला चंद्रासारख्या कला आहेत. आकाशगंगेत असंख्य तारे आहेत. येथपर्यंत चौघांचे एकमत होते. चंद्राविषयी मात्र उत्तराची भाषा अडखळते. त्याची विषमता नाकारता येत नाही. परंतु फादर क्लाव्हियस यांना असे अधिक संभवनीय वाटते की, चंद्राचा पृष्ठभाग खडबडीत नसून त्याचे द्रव्य कोठे दाट आणि कोठे विरळ आहे. इतरांना पृष्ठभागच उंचसखल वाटतो, पण तशी नि:शंक खात्री अद्याप देता येत नाही.

हे उत्तर आम्हांला फार हृद्य वाटते. सत्तरी ओलांडलेल्या त्या गुरूने गुरूचे उपग्रह मान्य केले, शुक्राच्या कला मान्य केल्या, म्हणजे आयुष्यभर शिकविलेल्या टॉलेमीच्या व्यवस्थेला आपल्या हातांनी तडा दिला. चंद्राच्या गालावरचे वण मात्र त्यांना मान्य करवेनात. आणि त्यांच्या शिष्यांनी गुरूचा मान राखला, तरी आपले मत लपविले नाही. एकाच कागदावर दोन्ही मते लिहून सर्वांनी सह्या केल्या. पुढील वर्षी फेब्रुवारीत क्लाव्हियस वारले.

फ्लॉरेन्सच्या लोदोव्हिको देल्ले कोलोंबे या पंडिताने तर आणखी एक तोड काढली. चंद्रावर दऱ्या-डोंगर असतीलही, पण त्या साऱ्यांवर पारदर्शक स्फटिकाचे आवरण असले पाहिजे, त्यामुळे बाहेरून चंद्र नितळ गोलच आहे! गॅलिलिओने उत्तर दिले की, असल्या न दिसणाऱ्या स्फटिकाला आपली हरकत नाही. फक्त त्याच न दिसणाऱ्या स्फटिकाचे, दिसणाऱ्या डोंगरांहून कितीतरी उंच डोंगर आपणही चंद्रावर रचू, तेवढी मुभा मिळावी. या स्फटिकाला आज आपण हसतो. परंतु घराण्याची अब्रू, संस्थेचे नाव, पूर्वजांचे चरित्र यांवर असा स्फटिक चढविण्याचा धंदा आपल्याही समाजात मंदावलेला नाही आणि त्यात आम्हां धर्मगुरूंचाही हातभार असतो.

आता याच इतिहासातील एका चित्राकडे वळू. पोप फ्रान्सिस यांचा दफनविधी २६ एप्रिल २०२५ रोजी रोमच्या सांता मारिया माज्जोरे या महामंदिरात झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्यांची कबर ज्या पाउलिना प्रार्थनामंदिराच्या लगत आहे, ते पोप पाचवे पॉल यांनी बांधविले. त्याच्या घुमटाच्या आतील बाजूस लोदोव्हिको चिगोली या चित्रकाराने १६१२ साली मरियामातेचे भव्य भित्तिचित्र पूर्ण केले. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात जिच्या पायांखाली चंद्र आहे त्या स्त्रीचे वर्णन आहे, त्यानुसार माता चंद्रकोरीवर उभी आहे. आपल्याही चर्चमधून अशा मूर्ती पाहावयास मिळतात. त्यांची कोर विळ्याच्या पात्यासारखी गुळगुळीत असते. चिगोली गॅलिलिओचा जिवलग मित्र होता आणि स्वतः दुर्बिणीतून आकाश पाहत असे. त्याने मातेच्या पायांखाली दुर्बिणीतून दिसतो तोच चंद्र काढला: दातेरी कडेचा आणि खड्ड्यांनी भरलेला.

पोपमहोदयांच्या स्वतःच्या प्रार्थनामंदिरात, जेथे रोमवासीयांची लाडकी मरियामातेची प्राचीन प्रतिमा पूजिली जाते, त्याच्याच माथ्यावर हा वणांचा चंद्र गेली चारशे वर्षे आहे. पुढे १६१६ साली याच पोपमहोदयांच्या कारकिर्दीत कोपर्निकसच्या मतावर बंदी आली. (योगायोग असा की, त्याच वर्षी गोव्यातील रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून झाले. येशूसंघाचे एक काम रोममध्ये अडले आणि दुसरे आपल्या भाषेत उभे राहिले.) १६३३ साली गॅलिलिओचा खटला झाला आणि १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या प्रकरणातील चूक जाहीरपणे मान्य केली. या खटल्यावर एवढे लिहिले गेले आहे की, त्याच्या गदारोळात घुमटावरचा चंद्र कोणाच्या लक्षातच राहिला नाही.

सूर्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. इंगोलश्टाट येथील येशूसंघीय धर्मगुरू ख्रिस्तोफ शायनर यांना १६११ साली सूर्यावर काळे डाग दिसले. सूर्याची शुद्धता जपण्यासाठी त्यांनी टोपणनावाने पत्रे छापून असा पक्ष मांडला की, हे डाग सूर्यावर नसून त्याच्याभोवती फिरणारे लहान ग्रह आहेत. गॅलिलिओने तो खोडून काढला आणि दोघांमध्ये जे वैर जडले ते कधीच निवळले नाही. परंतु शायनर यांनी डोळा काढून घेतला नाही. वर्षानुवर्षे ते डागांचे आलेख काढीत राहिले आणि १६३० साली पूर्ण झालेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात डाग सूर्याच्या अंगावरचेच आहेत, हे त्यांनी मान्य केले. एवढेच नव्हे, त्या डागांच्या वाटचालीवरून त्यांनी सूर्याचा आस किती कललेला आहे तेही काढले. आजच्या मापाशी त्याचा फरक फार थोडा आहे. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे डागांनीच दाखविले. नितळ गोल फिरतो आहे की स्थिर आहे, हे दुरून कळण्यास मार्ग नसतो.

या साऱ्या मंडळींत आमच्या मनात घर करून राहिला आहे तो योहान्नेस केप्लर. जन्म १५७१, जर्मनीतील वाइल येथे. लहानपणी त्याला देवी आल्या. जीव वाचला, परंतु दृष्टी कायमची अधू झाली आणि हातही बिघडले. खगोलशास्त्रात जो अमर झाला त्याला आकाश धड दिसत नव्हते! तो ल्युथरपंथीय. ट्युबिंगेन येथे धर्मज्ञान शिकला आणि धर्मसेवक होण्याचेच त्याच्या मनात होते. पण १५९४ साली त्याला ग्रात्स येथे गणित शिकविण्यास धाडले. तेथून १६०० साली तो प्रॉटेस्टंट म्हणून हद्दपार झाला. हद्दपार करणारा राजपुत्र कॅथोलिक होता, हे येथे नमूद केले पाहिजे. आणि पुढे लिंझ येथे त्याच्याच पंथाच्या धर्मसेवकांनी, एका मतपत्रिकेवर तो बिनशर्त सही करीना म्हणून, त्याला प्रभुभोजन नाकारले. त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. १६२१ साली ती सुटेपर्यंत त्यासाठीही त्याला झगडावे लागले.

ग्रात्समधून निघालेला केप्लर प्राग येथे टायको ब्राहे यांच्याकडे गेला. टायको यांनी दुर्बिणीवाचून, नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या धातूच्या यंत्रांनी वर्षानुवर्षे ग्रहांची स्थाने टिपली होती. एवढी अचूक नोंद तोवर कोणीही केली नव्हती. त्यांनी केप्लरला मंगळाचा मार्ग सोडविण्यास सांगितले. आठ दिवसांत सोडवितो, असे केप्लर म्हणाला. लागली सुमारे पाच वर्षे. १६०१ साली टायको वारले आणि त्या नोंदी केप्लरच्या हाती राहिल्या.

केप्लर वर्तुळाचा भक्त होता. विश्वाची रचना देवाने पाच सुघड घनाकृतींवर बेतली आहे, अशा अर्थाचा ग्रंथ त्याने पंचविशीतच लिहिला होता. मंगळासाठी त्याने वर्तुळ घेतले, मध्यबिंदू सरकविला, वेग बदलला, आणि कागदांचे ढीग रचीत सुमारे सत्तर वेळा तेच गणित पुन्हा पुन्हा केले. अखेर गणित जुळले. पण दोन ठिकाणी टायकोच्या नोंदींशी आठ कलांचा फरक राहिला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. आधीच्या कोणत्याही ज्योतिर्विदाने एवढा फरक निरीक्षणातील चूक म्हणून सोडून दिला असता आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. केप्लरने तो सोडला नाही. टायकोसारखा काटेकोर निरीक्षक ही देवाची देणगी आहे, ती मिळाल्यावर आठ कला दुर्लक्षिणे म्हणजे कृतघ्नपणा, असे त्याचे म्हणणे होते. त्याने पाच वर्षांपैकी मोठ्या काळाचे काम मोडले आणि पुन्हा आरंभ केला. वर्तुळ गेले. मग त्याने अंड्याचा आकार घेतला, तोही बसेना. मधल्या काळात लंबवर्तुळ त्याच्या हाती येऊन गेले होते, ते त्याने फेकून दिले होते. १६०५ साली फिरून त्याच्याकडेच यावे लागले. मंगळ लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्य त्याच्या मध्यभागी नाही, एका बाजूस आहे. हा ग्रंथ १६०९ साली प्रसिद्ध झाला.

हे वर्तुळ बिघडले तरी किती? मंगळाचा मार्ग कागदावर दहा सेंटिमीटर लांबीचा काढला, तर त्याची रुंदी अर्धा मिलिमीटरही कमी भरत नाही. पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत तो दोष लपून जातो. एवढ्याशा दोषासाठी त्या अधू डोळ्यांच्या माणसाने आपले आवडते विश्व मोडले. केप्लरने शोधलेल्या ग्रहगतीच्या नियमांवरूनच पुढे न्यूटनला गुरुत्वाकर्षणाच्या नियमाची वाट सापडली. आणि गंमत अशी की, चंद्राचे वण जगाला दाखविणाऱ्या गॅलिलिओने केप्लरचे लंबवर्तुळ शेवटपर्यंत स्वीकारले नाही. त्याच्या १६३२ सालच्या ग्रंथातही ग्रह वर्तुळांतच फिरतात. प्रत्येकाचे एखादे तरी वर्तुळ असते, जे त्याच्याने मोडवत नाही.

आकाशातील वर्तुळे मोडल्यावर पायाखालच्या पृथ्वीची पाळी आली. न्यूटन म्हणाला, फिरण्यामुळे ती ध्रुवांपाशी चपटी झाली असली पाहिजे. फ्रान्समधील कॅसिनी घराण्याचे ज्योतिर्विद म्हणाले, उलट ती ध्रुवांकडे लांबट आहे. वाद मिटविण्यासाठी फ्रेंचांनी १७३५ साली विषुववृत्तावरील क्वितो प्रांताकडे आणि १७३६ साली उत्तरेकडील लॅपलँडमध्ये मोजणीदार धाडले. न्यूटन खरा ठरला. १७५० ते १७५२ या काळात बोस्कोविच आणि मेअर या दोन येशूसंघीय धर्मगुरूंनी, पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या राज्यात, रोमपासून रिमिनीपर्यंत डोंगर तुडवीत हीच मोजणी केली. बोस्कोविच यांच्या ध्यानात आले की, पृथ्वी नुसती चपटी नाही, तर तिचा चपटेपणाही सर्वत्र एकसारखा नाही. आज आपण जाणतो की, तिचा ध्रुवांमधील व्यास विषुववृत्तावरील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी कमी आहे आणि श्रीलंकेच्या दक्षिणेस समुद्राची पातळी अपेक्षित आकारापेक्षा शंभर मीटरांहून अधिक खोल दबलेली आहे.

आपल्या देशात हे काम विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने आरंभिले, तेही मद्रासजवळच्या संत तोमाच्या टेकडीपाशी, जेथे प्रेषित तोमा हुतात्मा झाले अशी आपली श्रद्धा आहे. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने तेथे साखळीने जमीन मोजण्यास सुरुवात केली. बारा किलोमीटरांच्या एका सरळ रेषेला सत्तावन्न दिवस लागले. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावर येथे, म्हणजे आपल्या मराठी राजांच्या नगरीत, ते मोठ्या मंदिराच्या शिखरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे धातूचे वर्तुळ वेडेवाकडे झाले. लॅम्बटनने एका सपाट फळीवर हवे तेवढे वर्तुळ कोरले आणि स्क्रू, पाचरी, कप्प्या लावून सहा आठवडे ते पोचे बाहेर ओढीत बसला. वर्तुळ जवळजवळ पूर्ववत झाले. पृथ्वी वर्तुळाकार किती नाही, हे त्याने पुढे त्याच ठाकठोक केलेल्या वर्तुळाने मोजले. नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी, आज वर्धा जिल्ह्यात असलेल्या हिंगणघाट येथे तो वारला. मोजणी अपुरीच होती. त्याची कबर तेथेच आहे.

अष्टमीनंतरच्या रविवारी आम्ही आजीबाईंना यातील थोडेफार सांगितले. त्यांना सर्वांत अधिक रस क्लाव्हियस फादरांत वाटला. १६५१ साली रिच्चोली या येशूसंघीय धर्मगुरूने चंद्राचा नकाशा छापून खड्ड्यांना नावे दिली, तेव्हा दिसणाऱ्या बाजूवरील सर्वांत मोठ्या खड्ड्यांपैकी एकाला त्याने नेमके क्लाव्हियस यांचेच नाव दिले. चंद्राला खड्डे आहेत हे ज्यांच्याने मानवले नाही, त्यांच्याच नावाचा हा खड्डा सव्वादोनशे किलोमीटर रुंद आहे; मुंबईहून निघालेला माणूस साताऱ्याच्याही पुढे जाईल एवढा. याच खड्ड्यातील उन्हात तापलेल्या मातीत पाण्याचे रेणू सापडल्याचे नासाने २०२० साली जाहीर केले. फार नाही, घनमीटरभर मातीत लहान बाटलीएवढे.

“मला त्या दिवशी दिसला काय तो?” आजीबाईंनी विचारले. दिसला नव्हता. अष्टमीला तेथे अजून रात्रच असते. तो पाहण्यासाठी दशमी यावी लागते.

पुढल्या महिन्यात दशमीला आकाश स्वच्छ होते. आम्ही दुर्बीण लावली. आजीबाई या वेळी रांगेत पहिल्या होत्या, आणि डोळा मिटण्याची युक्ती त्यांना आता येत होती. नळीला डोळा लावताना पदर आड येऊ लागला, तो त्यांनी मागे सारला. खड्ड्याचा काठ उन्हाने उजळला होता आणि त्याच्या पोटात, एका वळणावर, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत चारपाच खड्डे ओळीने बसलेले दिसत होते. त्या ते बोटांवर मोजीत राहिल्या. मागून मुले घाई करू लागली, तरी जागा सोडीनात.

“फादरांचा गोतावळा मोठा आहे,” त्या म्हणाल्या.